बिशप कोमेनियस आणि त्याचें चित्रांचें पुस्तक

परकी भाषा शिकतांना मुलांस जे कष्ट पडतात ते कांहीं आजचे नव्हेत. आपल्याकडील लहान मूल ज्याप्रमाणें इंग्रजी शब्दाचें स्पेलिंग आणि त्याचा मराठी अर्थ अशी जोडी घोकीत बसतें, त्याप्रमाणेंच चारशें वर्षांपूर्वीं युरोपांतील मुलें लॅटिन शब्द घोकीत बसत. लॅटिन त्या वेळीं कोणाच्याही घरांत मातृभाषा म्हणून उरली नव्हती. परंतु धर्मशास्त्र, वैद्यक, कायदा व तत्त्वज्ञान या सर्वांच्या किल्ल्या तिच्याच कमरेला होत्या. म्हणून लहान पोराला प्रथम व्याकरणाच्या नियमांशीं झुंजावें लागे. आणि गंमत अशी कीं, ते नियमही बहुधा लॅटिनमध्येंच लिहिलेले असत! जी भाषा येत नाहीं ती त्याच न येणाऱ्या भाषेंतून शिकावयाची, आणि चुकल्यास छडी खावयाची, असा तो क्रम होता.

आज इंग्रजीच्या वर्गांत भिंतीवर चित्रांचे तक्ते दिसतात. शिक्षक पिशवींतून खरा आंबा किंवा खरें कुलूप काढून मुलांपुढें धरतात. धड्यांतील संवाद मुलांकडून नाटकासारखे करून घेतात. ही सामुग्री आपणांस इतकी सवयीची झाली आहे कीं, ती शाळेंत येण्यासाठीं कोणास झगडावें लागलें असेल हें मनांतही येत नाहीं. त्या कामीं ज्यानें सर्वांत अधिक झीज सोसली त्या जॉन एमॉस कोमेनियस या पुरुषाचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

कोमेनियस हें त्याच्या नांवाचें लॅटिन रूप होय. त्याच्या मायभाषेंत त्यास कोमेन्स्की म्हणतात. मध्य युरोपांत मोराव्हिया नांवाचा एक प्रांत आहे. तो आतां चेक प्रजासत्ताकांत मोडतो. त्या प्रांताच्या पूर्वेकडील डोंगराळ भागांत २८ मार्च १५९२ रोजीं त्याचा जन्म झाला. त्याचें घराणें बंधुसंघ या लहानशा ख्रिस्ती मंडळीचें होतें. बोहेमियांत जॉन हस या धर्मसुधारकास १४१५ सालीं जिवंत जाळण्यांत आलें, व त्याच्या शिकवणुकीचा वारसा सांगणारी ही मंडळी पुढें त्याच शतकांत उदयास आली. साधी राहणी, बायबलाचें वाचन आणि मुलांचें शिक्षण या तीन गोष्टींवर या लोकांचा फार कटाक्ष असे.

कोमेनियस बारा वर्षांचा झाला न झाला तोंच त्याचा बाप वारला. पाठोपाठ आई व चार बहिणींपैकीं दोघी गेल्या. पोरका मुलगा आत्याच्या घरीं राहूं लागला. पुढच्याच वर्षीं शत्रूच्या टोळ्यांनीं तें गांव जाळलें, तेव्हां तेथूनही त्यास निघावें लागलें. पालकांनीं त्याच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष केल्यामुळें लॅटिनचें पहिलें अक्षर गिरवावयास त्यास सोळावें वर्ष उजाडावें लागलें. प्शेरॉव येथील बंधुसंघाच्या शाळेंत तो आपल्याहून कितीतरी लहान मुलांच्या बांकावर बसून शिकला. आम्हांस वाटतें, या उशिरा शिकण्यांतच पुढील सर्व गोष्टींचें बीज आहे. सहाव्या वर्षीं जो शिकतो त्यास शिकविण्याची रीत वाईट आहे कीं चांगली आहे हें कळत नाहीं. तो नुसता रडतो. सोळाव्या वर्षाच्या विद्यार्थ्यास मात्र शिक्षकाची चूक दिसते. आपलीं वर्षें फुकट जात आहेत, आणि तीं भाषेच्या कठीणपणामुळें नव्हे तर पद्धतीच्या वेडेपणामुळें जात आहेत, हें कोमेनियसच्या त्या वेळीं ध्यानांत आलें, व तो सल त्याच्या मनांतून जन्मभर गेला नाहीं.

मुलाची बुद्धि पाहून संघानें त्यास जर्मनींत हर्बोर्न व हायडेलबर्ग येथील विद्यापीठांत पाठविलें. हर्बोर्न येथें आल्स्टेड नांवाचा एक गुरु त्यास लाभला. जगांतील सर्व ज्ञान एका ग्रंथांत व्यवस्थेनें मांडावें हा या गुरूचा ध्यास होता, आणि तो शिष्यासही जडला. याच सुमारास कोमेनियसनें आपल्या मायभाषेचा व लॅटिनचा एक मोठा कोश जमविण्यास आरंभ केला. हा कोश वाचकांनीं लक्षांत ठेवावा. त्याची गोष्ट पुढें यावयाची आहे. १६१४ सालीं तो मायदेशीं परतला तो पायीं चालत. वयानें लहान म्हणून पाळकपणाची दीक्षा मिळावयास अवकाश होता. तोंपर्यंत ज्या प्शेरॉवच्या शाळेंत तो शिकला होता तेथेंच शिक्षक झाला, आणि लागलींच आपल्या विद्यार्थ्यांकरितां व्याकरणाचे सोपे नियम लिहूं लागला.

१६१८ सालीं फुलनेक या गांवीं पाळक व शाळेचा मुख्य म्हणून त्याची नेमणूक झाली. त्याच वर्षीं त्याचें लग्न झालें. संसार मांडला न मांडला तों युरोपावर तीस वर्षांच्या युद्धाचें वादळ फुटलें. ८ नोव्हेंबर १६२० रोजीं प्रागजवळ पांढऱ्या टेकडीवर लढाई होऊन प्रॉटेस्टंट पक्षाचा पुरा मोड झाला. विजयी सैन्यानें पुढल्या वर्षीं फुलनेक लुटलें. कोमेनियसला रानावनांत लपावें लागलें. १६२२ सालीं मरीच्या सांथींत त्याची तरुण पत्नी व दोन्ही चिमुकलीं मुलें मरण पावलीं. मागें राहिलेलीं पुस्तकेंही गांवच्या चौकांत जाळण्यांत आलीं. तिशीच्या मनुष्यावर असा प्रसंग आला असतां त्यानें काय करावें? कोमेनियसनें लपलेल्या ठिकाणीं बसून आपल्या मायभाषेंत एक ग्रंथ लिहिला. जगाच्या चक्रव्यूहांत हिंडून थकलेला यात्रेकरू अखेर आपल्या अंतःकरणांतच ख्रिस्तास भेटतो, असें त्याचें कथानक आहे. चेक भाषेंतील उत्तम गद्यांत हा ग्रंथ आजही मोडतो.

पुढें राजाज्ञेनें प्रॉटेस्टंट लोकांस एक तर धर्म सोडावा किंवा देश सोडावा असें सांगण्यांत आलें. कोमेनियसनें दुसरा विवाह केला होता. १६२८ च्या हिंवाळ्यांत तो कुटुंबासह व आपल्या बांधवांसह सरहद्द ओलांडून पोलंडांतील लेश्नो या गांवीं गेला. सरहद्दीवर गुडघे टेकून त्यानें मागें राहिलेल्या देशासाठीं प्रार्थना केली अशी आख्यायिका आहे. त्यानंतर त्यास मायभूमीचें दर्शन फारसें झालें नाहीं, आणि तेथें पुन्हां घर तर कधींच मिळालें नाहीं.

लेश्नो येथील शाळेंत शिकवितांना त्यानें मनाशीं एक विचार पक्का केला. देश परत मिळेल तेव्हां तो उभारावयास शिकलेलीं मुलें पाहिजेत. करितां शाळा सुधारणें हेंच निर्वासितांचें पहिलें काम. त्यानें एक मोठा शिक्षणशास्त्राचा ग्रंथ रचिला. त्यांत श्रीमंतांबरोबर गरिबांच्या, आणि मुलग्यांबरोबर मुलींच्याही शिक्षणाचा त्यानें पुरस्कार केला. मूल सहा वर्षांचें होईपर्यंत आईची मांडी हीच त्याची शाळा असावी, पुढें सहा वर्षें सर्व शिक्षण मातृभाषेंत व्हावें, आणि मगच परकी भाषा आरंभावी, अशी त्याची मांडणी होती. आईबापांकरितां त्यानें एक वेगळें छोटें पुस्तकही लिहिलें. त्यांत तान्ह्या मुलाच्या खाण्यापिण्यापासून तें बोलूं लागल्यावर त्यास काय दाखवावें येथपर्यंत सर्व कांहीं आहे. इतका मोठा पंडित दुधाच्या वाटीविषयीं व खेळण्यांविषयीं लिहावयास लाजला नाहीं, ही गोष्ट आमच्या मतें त्याच्या कित्येक मोठ्या ग्रंथांहून मोठी आहे.

परंतु युरोपभर त्याचें नांव झालें तें १६३१ सालीं छापलेल्या एका क्रमिक पुस्तकानें. भाषांचें उघडलेलें दार, असा त्याच्या नांवाचा अर्थ होतो. ही कल्पना मूळ त्याची नव्हे. स्पेनमधील सालामांका येथें आयरिश जेसुइट पाद्र्यांनीं १६११ सालींच अशा प्रकारचें एक पुस्तक काढलें होतें, आणि कोमेनियसनें त्यांचें ऋण उघडपणें मान्य केलें आहे. ज्या पंथाच्या राज्यकर्त्यांनीं त्यास देशोधडीला लाविलें त्याच पंथाच्या पाद्र्यांची चांगली कल्पना घेण्यास त्यास संकोच वाटला नाहीं, हें येथें सांगितलेंच पाहिजे. मात्र त्या पुस्तकांतील वाक्यें हातीं येतील तशीं होतीं. कोमेनियसनें तीं वस्तूंच्या क्रमानें लाविलीं. सुमारें आठ हजार शब्द, एक हजार वाक्यें, शंभर प्रकरणें. जगाच्या उत्पत्तीपासून आरंभ करून अग्नि, पाणी, वनस्पती, पशु, मनुष्याचें शरीर, धंदे, घर, राज्य, धर्म, असा तो जगाचा फेरफटका होता. एका बाजूस लॅटिन व दुसऱ्या बाजूस मातृभाषा. थोड्याच वर्षांत युरोपांतील बहुतेक भाषांत त्याचीं भाषांतरें झालीं. इंग्लंड, स्वीडन, हंगेरी येथून त्यास बोलावणीं येऊं लागलीं.

यश असें चहूंकडे पसरत असतां खुद्द कोमेनियस मात्र अस्वस्थ होता. त्याचें पुस्तक मोठ्या विद्यार्थ्यांस सोपें वाटे. लहान मुलांस तें अद्याप जडच होतें. त्यानें त्याच्या अलीकडे आणखी एक सोपी पायरी बांधली. तरी अडचण सुटली नाहीं. मूळ अडचण वेगळीच होती. धातु वितळविण्याच्या भट्टीविषयीं किंवा गलबताच्या शिडांविषयीं एखादें वाक्य मूल दोन्ही भाषांत पाठ म्हणून दाखवी, पण भट्टी किंवा शीड त्यानें जन्मांत पाहिलेलें नसे! म्हणजे एका न कळणाऱ्या शब्दाच्या बदल्यांत दुसरा न कळणारा शब्द त्याच्या पदरांत पडे. इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या बाबतींत हाच प्रकार आपण किती वेळां पाहतों! कधीं बर्फ न पाहिलेलें कोंकणांतलें मूल हिमवर्षावावरील धडा घडाघडा म्हणून दाखवितें, आणि आईबापांस धन्यता वाटते.

१६४१ सालीं कोमेनियस लंडनला गेला. हार्टलिब नांवाच्या त्याच्या मित्रानें त्यास बोलाविलें होतें. सर्व देशांच्या विद्वानांनीं एकत्र बसून ज्ञानाची मांडणी करावी यासाठीं तेथें एक मोठें विद्यालय काढावयाचा बेत होता. पण आयर्लंडांत बंड झालें, राजा व पार्लमेंट यांचें बिनसलें, यादवी युद्धाचीं चिन्हें दिसूं लागलीं, आणि तो बेत राहून गेला. १६४२ सालीं तो स्वीडनला गेला. वाटेंत हॉलंडमध्यें देकार्त या थोर तत्त्ववेत्त्याची व त्याची भेट झाली. स्वीडनच्या मुख्य प्रधानानें त्यास शाळांकरितां लॅटिनचीं पुस्तकें लिहावयास लाविलें, व तो एल्बिंग येथें सहा वर्षें तें काम करीत राहिला. त्यास हें काम आवडत नसे. त्याचें मन सर्व ज्ञानाच्या ऐक्यावरील आपल्या अपुऱ्या ग्रंथाकडे ओढ घेई. पण स्वीडनच्या मदतीनें आपल्या लोकांस मायदेश परत मिळेल ही आशा त्यास बांधून ठेवीत होती. १६४८ सालीं तह झाला, व त्यांत चेक निर्वासितांस कांहींच मिळालें नाहीं. त्याच वर्षीं त्याची दुसरी पत्नी वारली. संघानें त्यास आपला मुख्य बिशप केलें. परंतु ज्या मंडळीला आतां देश उरला नव्हता तिचा तो बिशप होता.

अशा मनःस्थितींत १६५० सालीं हंगेरींतील शारोशपाताक या गांवचें बोलावणें आलें. तेथील राजघराण्यास आपल्या गांवची शाळा नव्या पद्धतीनें चालवावयाची होती. कोमेनियस तेथें चार वर्षें राहिला, आणि याच चार वर्षांत त्याच्या हातून तें चित्रांचें पुस्तक तयार झालें.

शाळा त्याच्या मनासारखी चालली नाहीं. मुलें आळशी, शिक्षक जुन्या वळणाचे व नाखूष. पुस्तकांतील धडे मुलांकडून रंगभूमीवर करून घ्यावे असें कोमेनियसनें सुचविलें, तेव्हां शाळेंत नाटकाचा शिरकाव नको म्हणून इतर शिक्षकांनीं विरोध केला. अखेर त्यानें आपल्याच त्या प्रसिद्ध पुस्तकाचीं आठ छोटीं नाटकें बनविलीं. कोणी शेतकरी होऊन येई, कोणी लोहार, कोणी वैद्य. प्रत्येकानें आपलीं हत्यारें हातीं धरून त्यांचीं नांवें लॅटिनमध्यें सांगावयाचीं. जीं मुलें वर्गांत तोंड उघडीत नसत तीं लोकांपुढें धीटपणें बोलूं लागलीं. पाहावयास आलेले आईबाप खूष झाले, आणि त्यानंतर शिक्षकांचा विरोधही पुष्कळसा मावळला. शाळेच्या संमेलनांत इंग्रजी संवाद बसविणाऱ्या शिक्षकांनीं ही हकीकत जरूर वाचावी.

पण नाटक वर्षांतून एकदां दोनदां व्हावयाचें. रोजच्या रोज मुलाच्या हातीं काय द्यावयाचें? दर वेळीं भट्टी किंवा गलबत वर्गांत आणणें शक्य नाहीं. जी वस्तु आणतां येत नाहीं तिचें चित्र आणावें, हें त्याचें उत्तर होतें. ऐकावयास हें इतकें साधें आहे कीं, यांत शोध तो कोणता असें कोणी म्हणेल. चित्रें पुस्तकांत पूर्वींही असत. पण बहुतेक तीं शोभेचीं, किंवा विद्वानांच्या शास्त्रग्रंथांतील. भाषा शिकविण्याच्या पुस्तकांत प्रत्येक धड्याला चित्र, आणि चित्राशिवाय धडाच नाहीं, ही गोष्ट त्यानें केली.

त्या पुस्तकाची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. सुमारें दीडशें प्रकरणें. प्रत्येकाच्या माथ्यावर एक लांकडी ठशाचें चित्र. भाकरी भाजणाऱ्याचें दुकान घ्या. चित्रांत चाळणी, परात, भट्टी, फावडें, भाकऱ्या या प्रत्येक वस्तूवर बारीक आंकडा घातलेला. खालीं दोन रकाने. एकांत लॅटिन, दुसऱ्यांत जर्मन. आणि वाक्यांतील ज्या शब्दाचा ज्या वस्तूशीं संबंध, त्या शब्दाला तोच आंकडा. मूल आपल्या भाषेंतील वाक्य वाचतें, आंकडा पाहून चित्रांतील वस्तूवर बोट ठेवतें, आणि तेंच बोट उचलून लॅटिन शब्दावर नेतें. शब्दापासून शब्दाकडे जावयाचें नाहीं, वस्तूवरून जावयाचें. मधला हा एक थांबा हीच सर्व करामत आहे. आणखी असें कीं, चित्र कोणत्याही एका भाषेचें नसल्यामुळें रकाना तेवढा बदलला कीं तेंच पुस्तक दुसऱ्या देशांतील मुलांच्या उपयोगी पडतें.

पुस्तकाच्या आरंभीं मुळाक्षरें आहेत, तींही नुसतीं नाहींत. प्रत्येक अक्षराजवळ एका प्राण्याचें किंवा वस्तूचें चित्र, आणि तिच्या आवाजांतून अक्षराचा उच्चार. कावळा ओरडतो त्यांत पहिलें अक्षर. कोंकरूं बें बें करितें त्यांत दुसरें. तान्हें मूल रडतें, वारा वाहतो, हंस ओरडतो, असें करीत करीत सर्व वर्णमाला. आपल्या अंकलिपींत अक्षराशेजारीं चित्र असतें, पण तें त्या अक्षरानें आरंभ होणाऱ्या वस्तूचें. येथें चित्रांतील प्राणीच अक्षर बोलतो! घरीं आईच्या मांडीवर बसून पानें उलटणारें मूल कावळ्याची नक्कल करतां करतां वाचावयास लागावें, हा त्यांतील हेतु.

मग ईश्वरापासून आरंभ होऊन शेवटच्या न्यायाच्या दिवसापर्यंत सर्व सृष्टि पानापानांतून पुढें येते. आकाश, ढग, झाडें, मासे, शिंपी, न्हावी, मधमाशा पाळणारा, छापखाना. शाळेचेंही एक चित्र आहे. त्यांत गुरुजी खुर्चीवर बसलेले, फळ्यावर खडूनें लिहिलेलें, कांहीं मुलें लिहीत आहेत, कांहीं पाठ म्हणत आहेत. आणि कांहीं आपसांत गप्पा मारीत आहेत. त्या शेवटच्यांकरितां छडीही चित्रांत आहे. तिलाही आंकडा आहे. सर्वांत विलक्षण चित्र आत्म्याचें. डोळ्यांस न दिसणारी वस्तु कशी दाखवावी? कोमेनियसच्या पुस्तकांत एका पडद्यावर नुसत्या ठिपक्यांनीं मनुष्याची आकृति काढली आहे. मुलाला कांहींतरी आहे हेंही कळावें आणि तें हातीं लागण्याजोगें नाहीं हेंही कळावें, यापेक्षां अधिक चांगली युक्ति आम्हांस तरी सुचत नाहीं.

प्रस्तावनेंत त्यानें शिक्षकांस व आईबापांस ज्या सूचना केल्या आहेत त्यांवरून या मनुष्याची नजर दिसून येते. शाळेंत पाठविण्यापूर्वींच पुस्तक मुलाच्या हातीं द्यावें व त्यास पाहिजे तसें पाहूं द्यावें. हें काय, तें काय, असें विचारीत राहावें. मुलास चित्रें पाहून काढावयाची इच्छा झाली तर अडवूं नये. उलट तीं काढूं द्यावींत, रंगवूं द्यावींत. कारण जें हात काढतो तें डोळे नीट पाहतात. आणि चित्रावरही फार विसंबूं नये. रंग किंवा चव काळ्या शाईनें छापतां येत नाहीं. तेथें खरी वस्तुच दाखविली पाहिजे. म्हणून घरोघरीं न आढळणाऱ्या वस्तूंचा संग्रह प्रत्येक मोठ्या शाळेंत असावा. पुढें ज्यास वस्तुपाठ म्हणूं लागले त्याचें मूळ येथें सांपडतें. चित्रांचें पुस्तक करणाऱ्यानेंच चित्राची मर्यादा पहिल्यांदा सांगितली. आजकाल महागडे तक्ते भिंतीला टांगून दाराबाहेरचें झाड मुलांस न दाखविणाऱ्यांनीं हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

पुस्तक लिहून झालें, पण छापावयाचें कसें? शारोशपाताकला ठसे कोरणारा कारागीर मिळेना. अखेर तें काम जर्मनींत न्यूरेंबर्ग येथील एंडटर या छापखानेवाल्याकडे गेलें, आणि शेंकडों बारीक वस्तु लांकडावर कोरतां कोरतां वर्षांमागून वर्षें गेलीं. कोमेनियस १६५४ सालीं लेश्नोला परतला होता. पोलंड व स्वीडन यांचें युद्ध पेटलें, तेव्हां त्यानें स्वीडनच्या राजाची स्तुति करणारें एक पत्रक लिहिलें. आश्रय देणाऱ्या देशांत राहून त्यानें हें करावयास नको होतें, असें त्याच्या चाहत्यांसही वाटतें. १६५६ च्या एप्रिलांत पोलिश सैन्यानें लेश्नो जाळलें. कोमेनियस जीव घेऊन निसटला; पण त्याचें घर, ग्रंथसंग्रह आणि पुष्कळशीं हस्तलिखितें जळून गेलीं. त्यांतच तो चेक व लॅटिन कोश होता, जो तो विद्यार्थिदशेपासून चाळीसांहून अधिक वर्षें जमवीत आला होता. इतर सर्व हानि त्यानें धीरानें सोसली. पण कोशाचें दुःख त्यास शेवटपर्यंत विसरतां आलें नाहीं.

चित्रांचें पुस्तक मात्र त्या वेळीं दूर न्यूरेंबर्गला होतें. कारागिराच्या ज्या विलंबानें तो इतका कंटाळला होता, तो संपून १६५८ सालीं पुस्तक बाहेर पडलें. पुढल्याच वर्षीं लंडनमधील चार्ल्स हूल या शाळामास्तरानें त्यांत इंग्रजी रकाना घालून तें आपल्या देशांत छापलें. १६६६ सालीं लॅटिन, जर्मन, इटालियन व फ्रेंच अशा चार भाषांची आवृत्ति निघाली; १६८५ सालीं चेक रकानाही त्यास लाभला, पण तें पाहावयास कोमेनियस नव्हता. १८१० सालीं तें न्यूयॉर्कला छापलें गेलें. जर्मन महाकवि गटे यानें आपल्या आत्मचरित्रांत लहानपणच्या पुस्तकांत याची आठवण काढली आहे. पुस्तकांत दोषही होते. जगांतील सर्व कांहीं आंत यावें या हट्टापायीं एकेका चित्रांत वस्तूंची इतकी गर्दी झाली आहे कीं, मुलाच्या डोळ्यांस त्रास व्हावा. आणि हंसूं येण्याजोगी जागा फार थोडी. तरीही दीडशेंहून अधिक वर्षें मुलांनीं तें हातांतून सोडलें नाहीं.

कोमेनियसचीं शेवटचीं चौदा वर्षें हॉलंडमध्यें आम्स्टरडाम येथें गेलीं. त्या शहरानें त्यास सन्मानानें ठेवून घेतलें व १६५७ सालीं त्याचे शिक्षणविषयक सर्व लेख एका मोठ्या ग्रंथांत छापले गेले. तेथें तो युद्धें थांबवावीं म्हणून राजांस लिहीत राहिला, निर्वासित बांधवांकरितां मदत गोळा करीत राहिला, आणि कांहीं भविष्यवाद्यांच्या बोलण्यावर भाबडेपणानें विश्वास ठेवून विद्वानांच्या टीकेसही पात्र झाला. १५ नोव्हेंबर १६७० रोजीं त्याचें देहावसान झालें. जवळच्या नार्डेन गांवांतील एका प्रार्थनामंदिरांत त्यास पुरलें. ती जागा पुढें लोक विसरून गेले. १९२९ सालीं तिचा शोध लागला.

त्याच्याबरोबर आपला संघही संपणार असें कोमेनियसला वाटत होतें. परंतु त्याच्या मुलीचा मुलगा याब्लोन्स्की पुढें बिशप झाला, आणि जर्मनींतील हर्नहुट येथें संघाचें पुनरुज्जीवन झाल्यावर १७३५ सालीं त्यानेंच नव्या मंडळीच्या पहिल्या बिशपास दीक्षा दिली. या मंडळीचे मिशनरी १७६० सालीं आपल्या देशांत तरंगंबाडीस उतरले. पुढील शतकांत हिमालयांतील लाहौल येथें व १८८५ सालीं लेह येथें त्यांनीं ठाणीं घातलीं. त्यांपैकींच येश्के या मिशनऱ्यानें तिबेटी व इंग्रजी भाषांचा मोठा कोश केला. तो १८८१ सालीं लंडनला छापला गेला.

कोमेनियसच्या मायदेशांत त्याचा जन्मदिवस, २८ मार्च, शिक्षकदिन म्हणून पाळतात. त्या दिवशीं शाळेंत जातांना मुलें आपल्या गुरुजींसाठीं फुलें घेऊन जातात.